किरकोळ सुधारणा

डॉक्टर जेव्हा ‘किरकोळ ऑपरेशन आहे’ म्हणतात, गवंडी जेव्हा ‘किरकोळ काम आहे, दोन दिवसांत उरकतो’ म्हणतो आणि आमची ही जेव्हा ‘किरकोळ खरेदी आहे, तुम्ही बाहेरच उभे राहा’ म्हणते, तेव्हा शहाण्या माणसाने सावध व्हावं. या तिन्ही प्रसंगांतून मी गेलेलो आहे. पहिल्यातून टाके घालून, दुसऱ्यातून कर्ज काढून आणि तिसऱ्यातून पिशव्या उचलून. तरीसुद्धा ‘किरकोळ’ या शब्दाचं खरं रूप मला दिसलं ते बँकेत.

मी भद्रावतीला एका बँकेत कारकून आहे. अलीकडे आम्हा मंडळींचं नाव ‘ग्राहक सेवा सहयोगी’ असं झालं आहे. पण खिडकी तीच, खुर्ची तीच आणि खुर्चीचा मोडका हातही तोच. शिक्षण विचाराल तर बी. कॉम. म्हणजे जमा उजवीकडे की डावीकडे, यावर जन्माचं भांडण करण्याइतकं. अशा माणसाने संगणकाच्या प्रोग्रॅमांवर, त्यांच्या आवृत्त्यांवर आणि त्या आवृत्त्यांना दिलेल्या आकड्यांवर लिहावं का? माझं म्हणणं असं की रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल बोलायला इंजिनिअर असावं लागत नाही. पाय मुरगळलेला असला की पुरे.

माझा पाय मुरगळला त्याची हकीकत अशी.

एके दिवशी वरून पत्रक आलं. आमच्या शाखेत सगळं वरूनच येतं. पत्रकं, ऑडिटर आणि जुलै महिन्यात पाणी. पत्रकात लिहिलं होतं की पासबुकाच्या नमुन्यात किरकोळ सुधारणा करण्यात आली आहे. मागोमाग नव्या पासबुकांचे गठ्ठे आले. कव्हर गुळगुळीत, रंग टवटवीत. आम्ही खूश. आतल्या पानावर मात्र कोणा सुधारकाने एक काम करून ठेवलं होतं. पूर्वी आधी ‘नावे’ आणि मग ‘जमा’ असे रकाने असायचे, ते आता आधी ‘जमा’ आणि मग ‘नावे’ असे झाले होते. हेतू चांगलाच असणार. पासबुक उघडल्याबरोबर माणसाच्या डोळ्यांत आधी जमा भरावी, खर्च नंतर दिसावा, असा काही शुभ विचार त्यामागे असेल.

गंमत अशी की पासबुक छापणाऱ्या यंत्राला वाचता येत नाही. कोणत्या रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलं आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. डावीकडून इतकी जागा सोडून काढलेली रक्कम, त्यापुढे इतकी सोडून भरलेली रक्कम, त्याही पुढे शिल्लक, एवढंच त्याला पढवलेलं. ते बिचारं जुन्या जागांवर इमानेइतबारे छापत राहिलं. कागद अडकला नाही, लाल दिवा लागला नाही, कसली सूचना आली नाही. तीन दिवस सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त लोकांची भरलेली रक्कम काढलेल्याच्या खाली पडत होती.

चौथ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच एक काका दाराशी उभे. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, माजरीकडून सकाळच्या एस.टी.ने आलेले. दार उघडलं तसे थेट माझ्या खिडकीशी आले आणि पासबुक पुढे केलं.

“साहेब, माही पेन्शन कोणं काढली जी?”

मी पाहिलं. पेन्शनची अख्खी रक्कम ‘नावे’ खाली.

“कोणीच नाही काढली काका. ही शिल्लक पहा ना. वाढलेली आहे.”

“शिल्लक वाढली थे दिसून राहिलं मले. पण पैसे काढल्यावर शिल्लक वाढते काय जी?”

मागून आमचे हेडकॅशियर म्हणाले, “अशी बँक कुठे असेल तर माझंही खातं तिथेच उघडा.” सगळे हसले. मीसुद्धा हसलो. काका हसले नाहीत. ते खालच्या आवाजात म्हणाले, “एटीएमचं कार्ड पोराजवळ असते साहेब. मी काल त्याले नाही नाही ते बोललो. न जेवताच उठला थो. रातभर घरी नाही आला.” मग थोडं थांबून, “सोमवारी बाईचं ऑपरेशन हाये चांद्याले.”

हे ऑपरेशनही डॉक्टरांनी किरकोळ म्हणून सांगितलेलं होतं.

मी पेन काढलं, त्या रकमेपुढे बाण काढला, ‘जमा’ असं ठळक लिहिलं, सही केली, शिक्का मारला. काकांनी शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर मारली आणि “पोराले दाखवतो” म्हणून निघून गेले. पुढचे पंधरा दिवस मी तेच करत बसलो होतो. बाण, जमा, सही, शिक्का. पत्रकात ज्याला किरकोळ म्हटलं होतं त्यात माझी तीन बॉलपेनं संपली.

दिवाळीत ताईकडचा भाचा पुण्याहून आला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. नक्की काय करतो हे ताईला सांगता येत नाही, पण त्यामुळे तिचा अभिमान कमी होत नाही. फराळाच्या वेळी मी त्याला पासबुकाची हकीकत सांगितली. मला वाटलं, पोरगं हळहळेल. ते चकली हातात धरून उभंच राहिलं. एखाद्या डॉक्टरला पुस्तकातला दुर्मीळ रोग प्रत्यक्ष पाहायला मिळाल्यावर जो आनंद होतो, तो त्याच्या चेहऱ्यावर.

“मामा, हा तर बायनरी कम्पॅटिबिलिटीचा प्रॉब्लेम! अगदी टेक्स्टबुक केस!”

“पासबुक केस,” मी म्हटलं.

मग त्याने मला शिकवलं. जे शिकलो ते माझ्या भाषेत सांगतो. चुकलं तर दोष गुरूचा.

हल्ली कोणीही प्रोग्रॅम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः लिहीत नाही. तारीख मोजायची, रक्कम छापायची, चित्र दाखवायचं, अशी नेहमीची कामं करणारे तयार तुकडे असतात. त्यांच्या गठ्ठ्याला म्हणतात लायब्ररी. मला वाटलं, वाचनालयासारखं असणार. पण वाचनालयातून नेलेलं पुस्तक परत तरी करावं लागतं. इथे एकाने लिहायचं आणि हजारांनी न्यायचं, परत करायचं काहीच नाही. बहुतेक वेळा फुकट. हे ऐकून माझं मन भरून आलं. कारकुनाच्या जातीला ‘फुकट’ शब्दाने फार लवकर भरून येतं.

आता हा लिहिणारा अधूनमधून आपला तुकडा सुधारतो आणि नवी आवृत्ती काढतो. तिला नंबर देतो. या नंबरांचा पूर्वी फार गोंधळ होता. जो तो मनाला येईल तो आकडा लावी. तुमच्या-आमच्या ओळखीचं विंडोज घ्या. त्याच्या आवृत्त्या पहा: ३.१, मग ९५, मग ९८, मग २०००, मग आकडा सोडून अक्षरं, मग एकदम ७, नंतर ८, आणि त्यानंतर ९ गाळून १०. मी व्हाउचरांना असे नंबर दिले असते तर माझ्यावर खातेनिहाय चौकशी बसली असती.

या गोंधळात कोणीतरी शिस्त आणायलाच हवी होती. गिटहब नावाचं प्रोग्रॅमांचं मोठं गोदाम आहे, त्याच्या संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ नावाची नियमावली लिहिली. तिची २.०.० ही आवृत्ती २०१३ साली आली. अर्थ साधा. आवृत्तीला तीन आकडे, मध्ये टिंबं. नुसती चूक दुरुस्त केली, बाकी काही हललं नाही, तर तिसरा आकडा वाढवा. काही नवीन दिलं पण जुनं सगळं जसंच्या तसं चालतं, तर दुसरा वाढवा. आणि जुन्या वापरणाऱ्याचं काही मोडणार असेल, तर पहिला. पहिला आकडा शून्य असेल तर समजावं की गाडीच्या मागे लाल ‘एल’ लावलेला आहे, शिकाऊ माणूस चालवतो आहे, कशीही वळेल.

त्यातला एक नियम ऐकून तर मी भाच्याला आणखी एक अनारसा वाढला. एकदा बाहेर काढलेल्या आवृत्तीत नंतर खाडाखोड करायची नाही. चूक सापडली तर नव्या नंबराने नवी आवृत्ती काढायची. अहो, हेच आम्हाला लेजरच्या काळापासून शिकवलं! खोडरबर वापरायचं नाही, उलटी नोंद टाकायची. अमेरिकेतल्या माणसाला हे सुचलं म्हणजे त्याच्या घराण्यात कोणीतरी बँकेत असलं पाहिजे.

“मग बायनरी म्हणजे?” मी विचारलं.

तो म्हणाला, प्रोग्रॅम माणूस लिहितो तेव्हा त्यात नावं असतात; ‘तारीख’, ‘रक्कम’, ‘शिल्लक’. पण यंत्रासाठी तो एकदा ‘कंपाईल’ केला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवला, की यातली बरीच नावं गळून पडतात आणि जागा उरतात. पहिल्या खणात हे, दुसऱ्यात ते. तुम्ही आपल्या लायब्ररीत मध्येच एक नवीन खण घुसवला, की पुढचे सगळे खण एकेका घराने सरकतात. नव्याने उतरवून घेतलेल्या प्रोग्रॅमांना काही होत नाही. जे आधीच उतरवलेले आहेत ते मात्र जुन्या जागीच हात घालतात आणि शिल्लक समजून तारीख उचलतात.

“आणि लाल दिवा लागत नाही,” मी म्हटलं.

“नेहमी लागतोच असं नाही. कधी प्रोग्रॅम कोसळतो. कधी कोसळत नाही, नुसतं चुकीचं सांगतो. ते जास्त वाईट.”

मला माजरीचे काका आठवले.

इथपर्यंत आमचं मामा-भाच्याचं सूत उत्तम जुळलेलं होतं. पण तिसऱ्या दिवशी गप्पांच्या ओघात पोरगं बोलून गेलं की त्याचीही एक अशी लायब्ररी आहे, आणि गेल्याच महिन्यात त्याने तिच्यात एक खण मध्येच घातला. आवृत्ती होती २.४.१. ती केली २.४.२.

“म्हणजे नुसती चूक दुरुस्त केल्याचा नंबर?”

“किरकोळ बदल होता मामा.”

मी बशी खाली ठेवली.

“अरे, मग आत्ताच मला नियम शिकवत होतास ना?”

“नियम बरोबरच आहे. पण पहिला आकडा वाढवला की लोक घाबरतात. नवीन घेतच नाहीत. आणि अडचण काय आहे? वापरणाऱ्यांनी फक्त रिकंपाईल करायचं.”

“कोणी?”

“वापरणाऱ्यांनी.”

“किती आहेत?”

“ते कसं माहीत असणार?”

वाचकहो, हे ‘फक्त’ ऐकलंत? माझा सगळा राग त्या ‘फक्त’वर आहे. पासबुकाचे रकाने उलटे करणाऱ्यानेही मनात हेच म्हटलं असेल. अडचण काय आहे, शाखांनी फक्त यंत्राची मांडणी बदलायची. शाखेने म्हणायचं, ग्राहकांनी फक्त पासबुक पुन्हा छापून न्यायचं. ग्राहकाने फक्त एस.टी.ने यायचं. आणि पोराने फक्त एक रात्र उपाशी राहायचं. बदल करणाऱ्याची दहा मिनिटं वाचतात आणि ती दहा मिनिटं हजार माणसांच्या डोक्यावर वाटून दिली जातात. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक दिवस येतो. हा कोणता हिशोब? मी कॉमर्सचा माणूस आहे, पण दहा मिनिटांचे हजार दिवस करणारं व्याज मी सावकाराच्या चोपडीतही पाहिलेलं नाही.

आणि नंबर खोटा देण्याचं काय? ‘लोक घाबरतात’ म्हणून पहिला आकडा वाढवायचा नाही, हे तर ‘लोक घाबरतात’ म्हणून विजेच्या खांबावरची कवटी पुसून तिथे गुलाबाचं फूल काढण्यासारखं झालं. घाबरावं म्हणूनच तो आकडा आहे! २.४.२ वाचून माणूस डोळे मिटून घेतो, कारण तुम्हीच त्याला सांगितलेलं असतं की इथे डोळे मिटले तरी चालतील. तिथेच तुम्ही पायरी काढून ठेवता.

भाचा तसा शांत मुलगा आहे, पण तोही तापला. “मामा, मग आम्ही काही बदलायचंच नाही का? अशाने जग पुढे जाईल का?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर घेऊन गेलो. आमच्या गावाला एक सोय आहे. आम्ही राहतो भद्रावतीला, पण गाडी थांबते भांदकला. गाव जुन्या काळी भांदक, पुढे भद्रावती झालं. रेल्वेने आपल्या पाटीवर भांदकच ठेवलं. इथून खाली गेलात तर चांद्याचं चंद्रपूर झालं, पण चांदा फोर्ट नावाचं स्टेशन चांदा फोर्टच राहिलं. त्याच्याही पुढे गाव बल्लारपूर आणि स्टेशन बल्लारशाह. बाहेरगावचे पाहुणे याला हसतात. मी पूर्वी त्यांच्याबरोबर हसत असे. आता नाही. गावाने खुशाल नाव बदलावं, कमान उभारावी, मिरवणूक काढावी. पण ज्या नावावर तिकिटं छापली, वेळापत्रकं बसवली, मालाच्या पावत्या फाडल्या, ते नाव रेल्वेने हलवलं नाही. नवं गावात आहे, जुनं पाटीवर आहे आणि दोन्ही माणसं एकाच फलाटावर उतरतात.

“पण काही गोष्टी मोडाव्याच लागतात,” भाचा म्हणाला.

लागतात. मी कुठे नाही म्हणतो? मोडण्याची रीत असते. आपल्याच देशाने ती एकदा दाखवलेली आहे. १ एप्रिल १९५७ ला नाणी दशमान झाली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. आता रुपयाचे शंभर. मोडतोड केवढी मोठी! आण्याचे सव्वासहा पैसे होतात आणि सव्वासहा पैसे कोणालाच देता येत नाहीत. वाण्याशी भांडणं झालीच असतील. पण सरकारने काय केलं पहा. रुपयाला हात लावला नाही. अर्धा रुपया आणि पाव रुपया सरळ पन्नास आणि पंचवीसवर येऊन बसले. ज्या पैशाची किंमत बदलली त्याचं नावच बदललं, ‘नया पैसा’. शिवाय नाण्यावरच छापून टाकलं की हा रुपयाचा शंभरावा भाग आहे. जुनी आणि नवी नाणी काही वर्षं शेजारी शेजारी चालू दिली. लोकांना सवय झाली, जुनी नाणी आटली, तेव्हा १९६४ साली ‘नया’ शब्द गळला. माझे वडील तर अखेरपर्यंत ‘चार आणे’ म्हणत आणि दुकानदार त्यांना निमूटपणे पंचवीस पैसे देई.

आता कल्पना करा, त्या दिवशी कोणी म्हटलं असतं, ‘पैसा तोच ठेवू, नाव तेच ठेवू, फक्त आजपासून चौसष्टऐवजी शंभरांचा रुपया समजा, किरकोळ बदल आहे’? देशात दुसरं काही झालं नसतं, फक्त प्रत्येक दुकानासमोर एकेक पोलीस उभा करावा लागला असता. ‘नया’ ही दोन अक्षरं म्हणजेच पहिला आकडा वाढवणं. सिमँटिक व्हर्जनिंग आम्ही खिशात घालून फिरत होतो, नाव तेवढं ठाऊक नव्हतं.

बँकांचंही सांगतो. आमच्या व्यवसायाला १ एप्रिलची ओढ आहे. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. नावं गेली, पाट्या गेल्या. त्यानंतर विलीन झालेल्या बँकांचे आयएफएससी कोडही बदलले. जुने कोड लगेच मारले नाहीत, काही काळ चालू ठेवले, मग बंद केले. तरीही कुठेतरी कोणाच्या अर्जावर जुना कोड राहून गेलाच असणार, आणि त्याचे पैसे वाटेत अडले असणार. मुदत देऊनसुद्धा त्रास टळत नाही. मग न सांगता बदलणाऱ्याला काय म्हणावं?

त्या आयएफएससी कोडातलं पाचवं घर पहा एकदा. चेकबुक जवळ असेल तर आत्ताच पहा, मी थांबतो. पहिली चार अक्षरं बँकेची, शेवटची सहा शाखेची, आणि मध्ये पाचव्या जागी शून्य. हे शून्य काहीही करत नाही. ते पुढे लागलं तर म्हणून राखून ठेवलेलं आहे. ज्याने ते ठेवलं त्याला मी ओळखत नाही, पण भेटला तर चहा पाजीन. उद्या काही नवं आणावं लागलं तर मधले रकाने सरकवायला नकोत, म्हणून त्याने आजच एक खुर्ची रिकामी ठेवली. भाच्याने कबूल केलं की त्यांच्यातलेही शहाणे लोक असेच खण राखून ठेवतात. मी म्हटलं, शहाणे लोक आहेत म्हणतोस ना, मग त्यांच्यात बस जरा.

पोरगं चिवट. स्टेशनवरून परत येताना त्याने आपला हुकमाचा एक्का काढला. “मामा, समजा मी नियमातच राहिलो. तरी कोणाचं तरी मोडतंच.” आणि त्याने मला जी-लिब-सीची गोष्ट सांगितली.

लिनक्सवर चालणारे जवळजवळ सगळे प्रोग्रॅम जी-लिब-सी नावाच्या लायब्ररीवर उभे असतात. तिच्यात ‘मेमकॉपी’ नावाचं एक काम आहे. एका जागची माहिती दुसऱ्या जागी उतरवणं. नियम असा की या दोन जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. पुष्कळांनी हा नियम पाळला नव्हता आणि तरी त्यांचं भागत होतं, कारण नक्कल पुढून मागे होत असे. २०१० च्या सुमाराला वेग वाढावा म्हणून काही यंत्रांवर ती मागून पुढे होऊ लागली. नियमात काही चूक नाही. पण तेव्हा घरोघरी वापरात असलेल्या फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरू लागला. लायब्ररीवाले म्हणाले, चूक फ्लॅशची. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स मात्र म्हणाले की वापरणाऱ्याला तुमच्या नियमाशी काय करायचं आहे. काल चालत होतं ते आज चालत नाही, एवढंच त्याला दिसतं.

“मग कोण बरोबर?” भाच्याने विचारलं. त्याला वाटलं, मामा सापडला.

प्रश्न खरंच अवघड आहे. काकांनी पोरावर संशय घेतला ही काकांची चूक, असंही म्हणता येईल. शिल्लक बरोबर होतीच ना! कागदावर आमचा मुद्दा बिनतोड आहे. पण तो मुद्दा घेऊन मी त्या माणसापुढे उभा राहू शकलो नसतो.

“पुढे काय झालं ते सांग,” मी म्हटलं.

पुढे जे झालं ते ऐकून मी त्या जी-लिब-सीवाल्यांना मनातून नमस्कार केला. २०११ मध्ये २.१४ ही आवृत्ती आली, तेव्हा त्यांनी मेमकॉपीच दोन ठेवल्या. जुने, आधीच उतरवलेले प्रोग्रॅम हाक मारतात तेव्हा जुनी, जपून चालणारी मेमकॉपी उत्तर देते. नव्याने उतरवलेल्यांना नवी, वेगवान. एकाच नावाची दोन माणसं घरात, आणि हाक कोणाची आहे हे ओळखून नेमकं योग्य तोच उठतो. त्या लायब्ररीच्या फायलीच्या नावाला शेवटी एक आकडा असतो, ६. सगळं मोडलं तरच तो वाढवायचा. १९९७ पासून तो ६ आहे. आजही ६ आहे. म्हणजे जग पुढे जातं, बाबू. एवढं मोठं लिनक्स पुढे गेलंच ना! आपण मागे वळून पाहण्याचे कष्ट घेतले तर ते कोणाला न तुडवताही जातं.

पायथनवाल्यांनी तर मोडलं आणि राजरोस मोडलं. जुन्या पायथनमध्ये ७ ला २ ने भागलं तर उत्तर ३ यायचं. हे ऐकून मी भाच्याला तीनदा विचारलं की उरलेले आठ आणे कोणाच्या खात्यात जातात. नव्यात साडेतीन येतं. असा बदल म्हणजे घराघरातला हिशोब बदलणं. त्यांनी डिसेंबर २००८ मध्ये पहिला आकडा २ चा ३ केला आणि जुन्याची देखभाल १ जानेवारी २०२० पर्यंत चालू ठेवली. अकरा वर्षं! लोकांनी तरीही शिव्या दिल्या. पण फसवलं, असं म्हणायची सोय ठेवली नाही. मी त्यांना शिव्या देणाऱ्यांपैकी नाही. माझा वैरी तो, जो साडेतीनचे तीन करून वर तिसरा आकडा वाढवतो आणि दिवाळीच्या सुट्टीवर जातो.

शेवटचं वाक्य मी मुद्दाम भाच्याकडे पाहून म्हटलं होतं. त्याने उत्तर दिलं नाही. रात्री जेवण झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसला तो बराच वेळ उठला नाही. ताई म्हणाली, “सुट्टीतही पोराला काम देतात मेले.” मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो म्हणाला, “मामा, २.४.२ मागे घेतली. वापरू नका असं लिहून टाकलं. २.४.३ मध्ये जुनी मांडणी परत आणली. नवा खण आता ३.०.० मध्ये येईल. दोन्ही वर्षभर सांभाळावं लागणार. सगळं तुमच्यामुळे.”

“लोक घाबरतील ना पण?”

“घाबरू द्या.”

मी त्याला स्वतःच्या वाट्याचा शेवटचा अनारसा दिला. हीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच रकाने उलटे केले.

आमच्या बँकेचे रकाने पुढे महिन्याभराने सरळ झाले. कसे, ते सांगत नाही, वरूनच झाले. काका दर महिन्याला येतात. आता बहुधा पोरगाच त्यांना मोटारसायकलवर घेऊन येतो आणि बाहेर गाडीवर बसून राहतो. काकूंचं ऑपरेशन नीट झालं. मी पासबुक छापून देतो. रक्कम बरोबर ‘जमा’ खालीच पडलेली असते. मी तसं बोट ठेवून दाखवतो. काका मान हलवतात, पण पासबुक काही उचलत नाहीत.

“छापलं थे दिसून राहिलं साहेब,” ते म्हणतात, “पण तुमच्या हातानं ‘जमा’ लिहून द्या ना जी.”

मी पेन काढतो आणि लिहून देतो. शिक्काही मारतो.